दुनळीची कळ आणि तिचे कारागीर



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंतातल्या या व्यासपीठावर उभे राहावे आणि बोनस, महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत हे नेहमीचे विषय सोडून शिकारीच्या बंदुकीवर बोलावे, हे आपल्यापैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटले असेल. आम्ही शिकारी नाही. जन्मात एक होलाही मारलेला नाही, आणि मारण्याची हौसही नाही. आमचे शिक्षण अर्धवट. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. तरीही हा विषय निवडला, याचे कारण एक स्क्रू आहे. तो स्क्रू आमच्याच कोपराच्या धक्क्याने जमिनीवर पडला, आणि त्याच्यामागे धावता धावता आम्ही एकोणिसाव्या शतकातल्या बर्मिंगहॅमच्या गल्ल्यांत जाऊन पोहोचलो. त्या धावण्याची ही हकीकत आहे.

आमच्या युनियनचे एक जुने सभासद आहेत. कारखान्यात चाळीस वर्षे जोडाऱ्याचे काम करून ते निवृत्त झाले, आणि आता एका परवानाधारक दुकानात बंदुकांची दुरुस्ती करतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. दुकानात येणारे गिऱ्हाईक बहुधा शेतकरी. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी आजोबांनी परवान्यावर घेतलेली जुनी दुनळी नातवाच्या नावावर झालेली असते, आणि वर्षातून एकदा ती काहीतरी कुरबूर करते. त्या दिवशी अशीच एक विलायती दुनळी मिस्त्रींच्या बाकावर होती. बंदूक उघडण्यासाठी नळ्यांच्या मागे, वरच्या अंगाला, अंगठ्याने बाजूला सारायची जी कळ असते ती सारली म्हणजे परत जागेवर येईना.

त्या कळेचे काम समजावून सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दुनळीच्या नळ्या एका जाड खिळ्यावर बिजागरीसारख्या खाली वाकतात. वाकल्या म्हणजे मागची तोंडे उघडी पडतात आणि त्यांत काडतुसे घालता येतात. नळ्या परत वर आणल्या म्हणजे त्या घट्ट धरून ठेवणारे काहीतरी पाहिजे, कारण बार उडताना सगळा जोर त्या सांध्यावर येतो. नळ्यांच्या पोटाशी दोन लोखंडी कान असतात आणि त्या कानांना खाचा असतात. बंदुकीच्या पोलादी देहात एक चपटा अडसर पुढेमागे सरकतो आणि त्या दोन्ही खाचांत एकदम जाऊन बसतो. दाराच्या कोयंड्यात अडसर जावा तसाच हा प्रकार आहे. अडसराला मागे ओढणारी ती वरची कळ. कळेच्या पोटातून एक उभी दांडी देहात खाली उतरते, दांडीच्या पायाला एक लहानसा बाक असतो, आणि तो बाक अडसराच्या खाचेत अडकलेला असतो. कळ उजवीकडे फिरली की दांडी फिरते, बाक अडसराला मागे खेचतो, आणि नळ्या मोकळ्या होतात. अंगठा सोडला की आत दडलेली एक स्प्रिंग सगळ्यांना पूर्वस्थितीवर आणते. सगळे मिळून कळ, दांडी, अडसर, स्प्रिंग आणि एकदोन स्क्रू. मोजून पाच-सहा जिन्नस.

मिस्त्रींनी हे जिन्नस सोडवले, रॉकेलमध्ये धुतले आणि वाट्यांतून मांडून ठेवले. प्रत्येक स्क्रूची वाटी वेगळी. आम्ही बोलण्याच्या भरात हात हलवला आणि दोन वाट्या उपड्या झाल्या. आम्ही ओशाळून स्क्रू गोळा केले आणि दिसायला सारखे म्हणून कोणता कोठला हे न पाहता परत ठेवून दिले. मिस्त्री तेव्हा गिऱ्हाइकाशी बोलत होते.

पुढे जोडणी सुरू झाली. उलगडणे सोपे, जोडणे कठीण, हे संसारातले सत्य येथेही लागू आहे. प्रथम अडसर त्याच्या खोबणीत सरकवला. मग कळ उजवीकडे पुरती फिरवलेल्या स्थितीत धरून दांडी वरून खाली सोडली. तशी धरली नाही तर पायाचा बाक अडसराच्या खाचेत शिरत नाही. मग स्प्रिंग. ही दुमडलेल्या पट्टीची, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. तिचा एक पाय देहाला टेकायचा आणि दुसरा दांडीला रेटायचा. ती लहानशा चिमट्यात आवळून धरायची, आवळलेलीच जागेवर न्यायची, आणि मग चिमटा हळूच सैल करायचा. जास्त आवळली तर मोडते, कमी आवळली तर बसत नाही. शेवटी स्क्रू. मिस्त्रींनी स्क्रू घट्ट केला, कळ फिरवली. ती उजवीकडे गेली आणि तेथेच राहिली.

त्यांनी सगळे पुन्हा सोडवले, पुन्हा जोडले. तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी कळ हलवलीच नाही. भिंग डोळ्याला लावून नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, स्क्रूला हात कुणी लावला?"

आम्ही कबुली दिली. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी पेचकसाचे टोक स्क्रूच्या माथ्यावरच्या चिरेवर ठेवले. "ही चीर बघा. बाकीच्या स्क्रूंच्या चिरा नळीच्या रोखात आहेत, सरळ उभ्या. ही एकटी तिरपी. हा स्क्रू या भोकाचा नाही. केसभर लांब आहे, आत जाऊन अडसराला दाबतोय." दोन स्क्रूंची अदलाबदल केली. दोन्ही चिरा नळीच्या रोखात येऊन थांबल्या. कळ फिरवली, टक् असा आवाज करून ती परत आली.

तो टक् आवाज आमच्या मनातून जाईना. कारखान्यात स्क्रू म्हणजे पेटीतून मूठभर घ्यायचा माल. एक हरवला तर दुसरा. ही अशी कोणती वस्तू, की जिच्यातला प्रत्येक स्क्रू एकाच भोकाचा मालक आहे? आणि तो तसा करणारा माणूस कोण?

नळीच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव होते ते कलकत्त्याच्या एका विक्रेत्याचे. त्याने बंदूक विकली, केली नाही. नळ्या उतरवून मिस्त्रींनी त्यांच्या पोटाची बाजू दाखवली. तेथे मुकुट आणि फुलीसारखे एकमेकांवर ठेवलेले दोन राजदंड असा ठसा होता. हा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचा ठसा. १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने हे परीक्षागृह स्थापन झाले. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळीची परीक्षा घ्यायची, आणि फुटली नाही तरच ठसा मारायचा, असा तेथला नियम. १९०४ मध्ये ठशांची पद्धत बदलली; तेव्हा ही बंदूक त्यापूर्वीची. परीक्षागृह अजून बर्मिंगहॅमच्या बॅनबरी स्ट्रीटवर उभे आहे आणि काम करीत आहे. ठशाच्या शेजारी आणखी काही होते. डोळ्याला जेमतेम दिसतील अशी दोन रोमन अक्षरे, आणि देहाच्या आतल्या अंगाला, जेथे मालकाची नजर कधी पोहोचत नाही तेथे, दुसरी दोन. "ही कामगाराची," मिस्त्री म्हणाले. "आपला माल ओळखायला." खरोखरच ती तशी असतात. नळी करणारे, देह घासणारे, जोडणारे असे निरनिराळे कारागीर आपापल्या कामावर आद्याक्षरे ठोकीत. वरचे नाव दुकानाचे, आतली अक्षरे माणसांची.

आता या कळेचा इतिहास पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकारीची बंदूक म्हणजे ठासणीची बंदूक. पुढच्या तोंडातून दारू ओतायची, बोळा ठासायचा, छरे ओतायचे, परत बोळा ठासायचा. पॅरिसच्या काझिमीर लफोशो या कारागिराने १८३० नंतरच्या दशकात नळ्या वाकवून मागून काडतूस भरण्याची बंदूक केली. १८५१ साली लंडनला जे सुप्रसिद्ध प्रदर्शन भरले त्यात ती इंग्रजांनी पाहिली, आणि लंडनच्या जोसेफ लँग यांनी लवकरच त्या धर्तीच्या बंदुका करायला सुरुवात केली. बंदूक मागून उघडू लागली आणि नवाच प्रश्न उभा राहिला. जे उघडते ते बार उडताना मिटलेले कसे ठेवायचे? पुढची पंचवीस वर्षे इंग्लंडातले बंदूककार या एका अडसराच्या मागे लागलेले दिसतात.

पहिले चांगले उत्तर बर्मिंगहॅमच्या हेन्री जोन्स यांचे. १८५९ मध्ये त्यांनी बंदुकीच्या पोटाखाली एक लांब कळ बसवली. ती फिरवली की मळसूत्रासारखी पकड दोन्ही खाचांना आवळून धरी. अतिशय मजबूत योजना, मात्र बंदूक मिटल्यावर कळ हाताने परत फिरवावी लागे. या जोन्सची गोष्ट कामगारांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८५२ च्या इंग्लिश कायद्याप्रमाणे पेटंट घेताना २५ पौंड भरावे लागत, तीन वर्षांनी ते चालू ठेवायला आणखी ५० पौंड, आणि सात वर्षांनी १००. जोन्स यांचे ५० पौंड भरले गेले नाहीत, आणि १८६२ साली पेटंट लयाला गेले. त्यानंतर ती पकड साऱ्या देशाची झाली. जो तो बंदूककार ती फुकट वापरू लागला, आणि पुढे कित्येक दशके वापरत राहिला. कायद्याने शोधाला संरक्षण दिले होते, पण त्या संरक्षणाला भाडे होते. पुढे १८८३ च्या कायद्याने पहिली फी पुष्कळच उतरवली. तोवर जोन्सच्या शोधाचे जे व्हायचे ते होऊन गेले होते.

दुसरे उत्तर लंडनच्या धाकट्या जेम्स पर्डी यांचे. १८६३ च्या त्यांच्या पेटंटात तो चपटा सरकता अडसर आहे, जो दोन खाचांत एकदम बसतो. त्याची खुबी अशी की नळ्या वर आणल्या म्हणजे कान स्वतःच अडसराला मागे ढकलतात आणि स्प्रिंग त्याला परत पुढे लोटते. दार ढकलून घेताच लागणाऱ्या कुलपासारखे. परंतु हा अडसर ओढण्याची पर्डींची कळ खालच्या अंगाला, चापाच्या कमानीपाशी होती. वरची कळ बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स यांनी १८६० च्या आगेमागे आणली होती, पण ती धरीत होती नळ्यांच्या माथ्यावरचा एक गड्डा. म्हणजे अडसर चांगला तो खाली, आणि अंगठ्याला सोयीची कळ ती वर. दोघांची गाठ पडत नव्हती.

ती गाठ १८६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या विल्यम मिडलडिच स्कॉट यांनी घातली. वरच्या कळेपासून खालच्या अडसरापर्यंत त्यांनी एक उभी दांडी सोडली. एवढेच. बोटभर लांबीचा एक पोलादी खांब, आणि पायाला बाक. आज जगात कोठेही जुन्या धर्तीची दुनळी उघडा. पर्डींचा अडसर आणि स्कॉटांची दांडी त्यात बहुधा सापडेलच. पर्डींच्या पेटंटाची चौदा वर्षे १८७७ मध्ये संपली आणि मग ही जोडी सर्वांची झाली. मिस्त्रींच्या बाकावर आम्ही जी दांडी पाहिली ती हीच.

या घाईचे कारणही सांगितले पाहिजे. गरज कारागिरांची नव्हती. इंग्लंडातल्या जमीनदारांमध्ये हाक्याची शिकार वाढीला लागली होती. मजुरांनी रान उठवायचे, पाखरे डोक्यावरून जायची, आणि मालकांनी उभ्या जागी बार काढायचे. लॉर्ड वॉल्सिंगहॅम यांनी ३० ऑगस्ट १८८८ रोजी एका दिवसात एकट्याने १०७० ग्राऊस पाखरे पाडली. अशा शिकारीत भरायला लागणारा प्रत्येक क्षण मोलाचा. बंदूक भरणाऱ्या नोकराचा अंगठा हाताची पकड न सोडता जेथे पोहोचतो तेथे कळ आली, याचे रहस्य यात आहे.

यानंतर कळेखालचे यंत्रही बदलले. १८७५ साली, म्हणजे ज्या साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला त्याच साली, वेस्टली रिचर्ड्स यांच्या कारखान्यातले विल्यम अ‍ॅन्सन आणि जॉन डीली यांनी बाहेरचे घोडे काढून टाकून ते देहाच्या आत दडवले, आणि नळ्या वाकवताच ते आपोआप चढतील अशी योजना केली. अ‍ॅन्सन हे तेथे अ‍ॅक्शन विभागाचे फोरमन होते. लंडनमध्ये फ्रेडरिक बीझली यांनी १८८० मध्ये स्वतःहून उघडणारी बंदूक केली. हे पर्डींकडे पूर्वी दस्ते बसवण्याचे काम करीत असत. बीझली यांनी आपला हक्क पर्डींना विकला, आणि पर्डींच्या बंदुका आजही त्या योजनेवर होतात. जगाच्या तोंडी नाव आहे ते पर्डींचे. हे सांगताना पर्डींना आम्ही दोष देत नाही. व्यवहार रीतसर झाला. पण शोध लावणारे हात बाकावरचे होते, हे सांगायला हरकत काय?

आता त्या स्क्रूकडे परत येऊ.

बर्मिंगहॅमच्या मध्यभागी स्टीलहाऊस लेनच्या उत्तरेला, सेंट मेरीच्या देवळाभोवती बंदूककारांची पेठ होती. वीमन स्ट्रीट, लव्हडे स्ट्रीट, व्हिटॉल स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट ही तिथली नावे. आपल्याकडे तांबट आळी किंवा कासार आळी असते तशी ही बंदूक आळी. पण एक फरक होता. तांबट घागर एकटा घडवतो. येथे एक बंदूक डझनावारी हातांतून जाई. नळी करणारा वेगळा, भोक साफ करणारा वेगळा, बाहेरून घासणारा वेगळा. चापाचे यंत्र करणारा आणखी दूर, वुल्व्हरहॅम्प्टन किंवा डार्लस्टनला. देह घडवणारा, दस्ता बसवणारा, स्क्रू करणारा, नक्षी कोरणारा, पॉलिश करणारा, आणि शेवटी सगळे जुळवणारा. ज्याला बंदूककार म्हणत त्याच्याजवळ पुष्कळदा कारखाना नसेच; एक वखार असे. तो तुकडे विकत घेई, एकाकडून दुसऱ्याकडे पाठवी, आणि शेवटी आपले नाव घाली. जी. सी. अ‍ॅलन यांनी १९२९ च्या आपल्या ग्रंथात ही रचना सविस्तर वर्णिली आहे. गल्लीतून अर्धवट झालेल्या बंदुका खांद्यावर टाकून या माडीवरून त्या माडीवर धावणारी पोरे हेच त्या कारखान्याचे वाहते पट्टे होते. स्कॉट यांचा कारखानाही दुसऱ्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ बंदुका करी. मिस्त्रींच्या बाकावरची ती दुनळी, वर कलकत्त्याचे नाव ल्यालेली, अशाच वाटेने आली असणार.

ही जोडणी होई काजळीवर. रॉकेलच्या दिव्यावर एका भागाला काजळी धरायची, तो दुसऱ्या भागात बसवायचा, काढायचा; जेथे काजळी उमटली तेथे उंचवटा आहे, तेवढाच कानशीने काढायचा. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. देहाला नळ्या बसवायला असे दिवसचे दिवस जात. अशा बंदुकीचा अडसर तिचाच. शेजारच्या बंदुकीत तो बसणार नाही. स्क्रू भोकात पुरता आवळल्यावर त्याच्या माथ्याची चीर नळीच्या रोखात यावी म्हणून त्याचा माथा घासत. आम्ही उपड्या केलेल्या वाट्यांचे उत्तर हे. नवी कळ मध्यावर उभी करीत नाहीत, किंचित उजवीकडे ठेवतात. कारण जसजसा अडसर झिजतो तसतसा तो आणखी आत जातो आणि कळ मध्याकडे सरकते. म्हणजे त्या जोडाऱ्याने आपल्या पश्चात होणारी झीजसुद्धा हिशेबात धरली होती. आमच्या त्या दुनळीची कळ शंभराहून अधिक वर्षांनी जेमतेम मध्यावर आली आहे.

परंतु या कौतुकाला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर आम्ही कारागिरांचे भाट ठरू. ही आळी संघटनेला वाईट होती. प्रत्येक माडीवर दोन-चार माणसे. कोणी अर्धा मजूर, कोणी अर्धा मालक. तुकड्यावर मजुरी, आणि मंदी आली की बाजारभावापेक्षा खाली उतरून काम घेणारा शेजारीच. लढाई लागली की दिवसरात्र काम, तह झाला की उपास. क्रिमियन युद्धाच्या सुमारास सरकारची रायफलींची कंत्राटे वेळेवर पुरी होईनात. १८५४ मध्ये पार्लमेंटची समिती बसली. अमेरिकेहून यंत्रे आणून एनफील्ड येथे सरकारी कारखाना उभा राहिला. त्यात कोणत्याही रायफलीचा भाग कोणत्याही रायफलीला बसू लागला. मग १८६१ मध्ये बर्मिंगहॅमच्याच बंदूककारांनी एकत्र येऊन यंत्रांचा कारखाना काढला, तो बी. एस. ए.; स्मॉल हीथ येथला. लष्कराची रायफल गल्लीतून कारखान्यात गेली. कळेची दुनळी मात्र गल्लीतच राहिली, कारण तिचे गिऱ्हाईक थोडे आणि लहरी.

आणखी एक गोष्ट. याच गावातल्या बंदुका अठराव्या शतकात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या मोबदल्यात दिल्या जात होत्या. सॅम्युएल गॉल्टन हा बर्मिंगहॅमचा मोठा बंदूक-व्यापारी क्वेकर, म्हणजे युद्ध वर्ज्य मानणाऱ्या पंथाचा. पंथाने जाब विचारला तेव्हा त्याने उत्तर दिले, त्याचा मथितार्थ असा की कर देणारा, तांबे विकणारा, लाकूड पुरवणारा प्रत्येकजण या व्यापारात सामील आहे. मग मीच का? १७९६ मध्ये पंथाने त्याला दूर केले. त्याचा युक्तिवाद सोयीचा होता, पण तेवढ्याने तो खोटा ठरत नाही, आणि दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांची संघटना करणाऱ्याला तर तो टोचतोच. आमच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. शेतकऱ्याच्या दुनळीत जाणारी बारा बोअरची काडतुसे तेथेच होत आली. बारा बोअर म्हणजे ज्या मापाच्या बारा शिशाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड भरते ते माप. १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगता येईना, गोऱ्याला येई. तो कायदा जाऊन १९५९ चा आला. हातातली कला निष्पाप असते, असे आम्ही म्हणणार नाही. पण कलेचा जाब विचारायचा तर ज्याच्या नावाने माल विकला गेला त्याला प्रथम विचारावा, काजळी धरणाऱ्याला मागाहून.

आता या सगळ्याचा आमच्याशी काय संबंध, ते सांगून संपवतो. आणि हे सांगणे सोपे नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही श्रेणींचा करार केला. यंत्रावरचे कामगार संख्येने खूप, हाताने जुळवणी करणारे जोडारी जेमतेम अकरा. व्यवस्थापनाचा आग्रह असा की यंत्र आले, भाग तयार येतात, आता जुळवणीत कौशल्य ते काय उरले? जोडाऱ्यांना अर्धकुशल श्रेणीत घाला, आणि यंत्रावरच्या सर्वांना एक श्रेणी वर देतो. आम्ही मते मोजली. बहुमताचा फायदा स्पष्ट होता. सही केली. सभेत टाळ्या पडल्या. त्या अकरांपैकी एक मिस्त्री होते. ते तेव्हा एवढेच म्हणाले होते, "भाऊ, तयार भाग येतात हे खरं; पण ते बसतात कोण म्हणतं?"

त्या बाकाशी, हातात चुकीचा स्क्रू घेऊन उभे असताना, आम्हाला ते वाक्य आठवले. आमच्या डोक्यात एनफील्डचा कारखाना होता, त्यांच्या हातात बर्मिंगहॅमची गल्ली होती. यंत्राने दिलेल्या दोन तुकड्यांमधला जो केसभराचा फरक असतो तो कोणीतरी बोटांनी ओळखून काढावा लागतो, हे जगातल्या प्रत्येक कारखान्यात खरे आहे. संख्येने मोठे काम ते कुशल, आणि डोळ्याला न दिसणारे ते अकुशल, ही मालकाची मोजपट्टी आम्ही संघटनेच्या नावाने वापरली. पुढच्या कराराच्या वेळी आम्ही तो प्रश्न काढला. तोवर अकरांपैकी आठ निवृत्त झाले होते; त्यांची ग्रॅच्युइटी खालच्या श्रेणीवर निघाली, आणि ती आता बदलणे नाही. उरलेल्या तिघांना श्रेणी मिळाली. मिस्त्री त्या आठांतले. हे आम्ही त्यांच्या तोंडावर बोललो. ते स्प्रिंगला तेल लावीत होते. म्हणाले, "झालं ते झालं. आता वाट्यांना हात लावू नका म्हणजे पुरे."

बर्मिंगहॅमची ती आळी फारशी उरलेली नाही. महायुद्धांनी काही गेली, आणि १९६० नंतरच्या दशकात शहराचा वळसा-रस्ता काढताना तिच्यातून रस्ताच गेला. आपल्याकडच्या संस्थानी वाड्यांत आणि संग्रहालयांत मात्र तिच्या बंदुका काचेच्या कपाटात उभ्या आहेत. खाली पाटी असते, ती अमुक महाराजांच्या वापरातील, आणि वर ज्याने विकली त्याचे नाव. आमची संग्रहालयांच्या चालकांना एक विनंती आहे. परवानगी काढून, जाणत्याच्या हातून नळ्या उतरवाव्या, पोटाकडची बाजू पाहावी, तेथली अक्षरे उतरून घ्यावी आणि पाटीवर एक ओळ वाढवावी. ती कोणाची हे कळले नाही तरी चालेल. अक्षरे तशीच लिहावी. आणि आपल्या गावात तांबट, जोडारी, घड्याळजी, हार्मोनियम दुरुस्त करणारा असा जो कोणी अजून बाकावर बसत असेल, त्याचे नाव मात्र पुरते लिहून ठेवता येईल. तो आज सांगू शकतो.

ती दुनळी दुसऱ्या दिवशी शेतकरी घेऊन गेला. जाताना त्याने कळ दोनदा फिरवून पाहिली, टक् ऐकले, आणि मिस्त्रींना मजुरी दिली. मिस्त्रींनी घेतली ती रक्कम एका तासाच्या कामाची होती. आम्ही वाया घालवलेले दोन तास त्यांनी धरले नव्हते.